रुपयामागे एक आणा

१ नोव्हेंबर १९५२पासून मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या पगारातून रुपयामागे एक आणा कापला जाऊ लागला. तेवढाच एक आणा मालकानेही घालायचा. कायद्यात तो दर ‘सव्वासहा टक्के’ असा लिहिलेला आहे. सहा नाही, सात नाही, सव्वासहा का, असं वाटेल. पण रुपया तेव्हा सोळा आण्यांचा होता. एक भागिले सोळा म्हणजे सव्वासहा टक्के. म्हातारपणासाठी सोळ्यातला एक बाजूला ठेवा, बाकी पंधरात जगा.

तुमच्या माझ्या सॅलरी स्लिपवर जी पीएफची ओळ असते, तिचा हा जन्म. सुरुवातीला कायदा फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. तेही पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांत, आणि महिना तीनशे रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. माझे आजोबा १९५१ साली लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. पुढे साचेखात्यात कायम झाले आणि त्यांचाही आणा कापला जाऊ लागला. त्याला ते ‘फंड’ म्हणत. आमच्या घरात अजूनही पीएफला फंडच म्हणतात.

त्याआधी म्हातारपणाचे पैसे कोणाला मिळत? सरकारी नोकरांना. १८७१चा पेन्शन कायदा होता, पंचावन्नाव्या वर्षी माणूस ‘पेन्शनीत निघायचा’ आणि पुण्यात बंगली बांधायचा. पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणायची पद्धत पडली ती त्यातूनच. गिरणीतल्या माणसाला यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे गाव होतं. रत्नागिरीतून आलेला चाकरमानी मुंबईत खोलीत आठ-दहा जणांबरोबर झोपायचा, खाणावळीत जेवायचा आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने घरी पाठवायचा. टपालखात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली, आणि कोकणातल्या कित्येक घरांचा पुढच्या शंभर वर्षांचा अर्थसंकल्प तिच्यावर चालला. हातपाय थकले की हाच माणूस गावी परतायचा. मुंबईने त्याची कमावती वर्षं घेतली आणि म्हातारपण गावाकडे परत पाठवलं. गिरणीमालकांना हे फार स्वस्तात पडलं, असं माझं मत आहे.

पण गावी म्हातारपण सांभाळायचं कोणी? इथे मला आजीबद्दल सांगायला हवं.

आजी लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा मुंबईत आणि सासू गावात होती. ती गावातच राहिली. भातशेती केली, गुरं सांभाळली, मुलं वाढवली आणि अकरा वर्षं सासूचं केलं. त्यातली शेवटची चार वर्षं सासू अंथरुणाला खिळलेली होती. ‘सासूचं केलं’ हे दोन शब्द आपण किती सहज म्हणतो. त्यात रात्रीतून दोनदा कूस बदलणं आहे, विहिरीवरून आणलेल्या पाण्याने धुतलेली लुगडी आहेत, भरवणं आहे आणि त्यावरून ऐकलेले बोलही आहेत. आजोबांची मनीऑर्डर येई ती तांदूळ कमी पडले तर तांदूळ, तेल, वैद्याचं औषध यांसाठी. त्या पैशांचा हिशेब होता, पावत्या होत्या. आजीच्या कामाची पावती कुठून असणार!

आज आजी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे आणि गेल्या वर्षापासून ती पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये राहते. आम्ही चिंचवडला राहतो. घरी दोन वर्षं प्रयत्न केला. ती रात्री दार उघडून निघायची. तिला उचलून बसवताना आईच्या पाठीचा मणका दुखावला. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत. सेंटरचं महिन्याचं शुल्क सत्तावीस हजार आहे, डायपर आणि औषधं वेगळी. बाबांनी खासगी कंपनीत छत्तीस वर्षं नोकरी केली. त्यांची पेन्शन महिना साडेतीन हजारांच्या आसपास आहे. उरलेल्यात त्यांच्या ठेवींचं व्याज जातं, माझा पगार जातो.

मी एकुलती एक मुलगी आहे आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे साहजिकच स्प्रेडशीट केली. पहिल्या पानावर आजी. दुसऱ्या पानावर आई-बाबा, साल २०४५च्या पुढे. हे दुसरं पान भरताना मला पडलेला प्रश्न असा की आपल्याआधीच्या लोकांनी हे पैसे कसे उभे केले? त्यासाठी कायदे आणि निकाल वाचत गेले. सापडलं ते असं की म्हातारपणाच्या पैशांची प्रत्येक योजना आखणाऱ्याने घरात कुठेतरी एक आजी गृहीत धरलेली आहे. खाण्याचे पैसे मोजले, भाड्याचे मोजले, औषधाचेही थोडेफार मोजले. करणाऱ्या माणसाचे कोणी मोजलेच नाहीत.

१९८२ हे साल घ्या. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचं पाच जणांचं घटनापीठ होतं, निकालपत्र न्या. देसाई यांनी लिहिलं. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, तो केलेल्या नोकरीतून आलेला हक्क आहे, असं त्यात ठरलं. १७ डिसेंबर म्हणून आजही ‘पेन्शनर दिन’. निकाल सरकारी पेन्शनरांचा होता. बावन्न वर्षांचे आजोबा तेव्हा गावी परतले होते आणि फंड हातात पडण्याची वाट बघत होते. एकाच वर्षात एका म्हातारपणाला घटनेचं संरक्षण मिळालं आणि दुसऱ्याची नोकरीच गेली. (पुढे सरकारी नोकरांचंही हे सुख टिकलं नाही. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. २०२३च्या मार्चमधला संप त्याचाच.)

आजोबांचा फंड आला तो एकरकमी. त्यात घराचं छप्पर झालं, आत्याचं लग्न झालं. फंडाचा हाच गुण आणि हाच दोष. तो एकदा येतो आणि घरातली सगळी अडलेली कामं त्याच्याकडे बघत असतात. १९७०च्या ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताच होतं नव्हतं ते मुलांत वाटून टाकतात, आणि त्यापुढे काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. सदतीस वर्षांनी का होईना, बेलवलकरांसाठी कायदा झाला. त्यांनी अट मात्र घालायला हवी होती.

खासगी नोकरदारांना महिन्याची पेन्शन मिळावी म्हणून १६ नोव्हेंबर १९९५ रोजी ईपीएस योजना आली. तिचं सूत्र प्रोग्रॅमच्या एका ओळीत मावतं: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. मेख ‘पगार’ या शब्दात आहे. पगार कितीही असला तरी बहुतेकांच्या हिशेबात तो एका मर्यादेपर्यंतच धरतात. २०१४पासून ही मर्यादा १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती. म्हणजे आज लागलेल्या माणसाने पस्तीस वर्षं घासली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, साडेसात हजार. शिवाय ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. बाबांचे साडेतीन हजार कुठून आले ते आता कळेल. किमान पेन्शन २०१४ साली ठरली, ती महिना एक हजार.

ज्यांच्याकडे यातलंही काही नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारची योजना आहे. तिचं नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० झाली. नाव ठेवणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. ज्या म्हाताऱ्यांना बघायला मुलगा नाही किंवा असून उपयोग नाही, त्यांच्या योजनेला आईबापांची कावड वाहणाऱ्या मुलाचं नाव.

श्रावणबाळाकडून कायद्याकडे येऊ. मुलांनी आईबापांना पोसावं हे भारतात फौजदारी कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं, कलम १२५. त्याआधीच्या संहितेत बायको आणि मुलं होती, आईबाप नव्हते. नव्या कलमात इंग्रजीत ‘त्याचे वडील किंवा आई’ अशी शब्दरचना होती. त्या पुल्लिंगी ‘त्याचे’वरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. मुलीचं म्हणणं, कलमात ‘त्याचे’ लिहिलंय, ‘तिचे’ नाही, तेव्हा ही जबाबदारी मुलावर. १९८७ साली विजया मनोहर अरबट खटल्यात न्यायालयाने सांगितलं की मुलगी लग्नानंतरही मुलगीच राहते. तिची स्वतःची, नवऱ्याची धरून नव्हे, पुरेशी कमाई असेल आणि आईबाप स्वतःचा निर्वाह करू शकत नसतील, तर तिलाही द्यावे लागतील. गंमत म्हणजे १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ‘त्याचे किंवा तिचे’ असं व्यवस्थित लिहिलेलं होतं.

मला स्वतःला हा निकाल आवडतो. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि ‘तुझ्या आईवडिलांचं पुढे काय’ हा प्रश्न मुलाकडच्यांनी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. त्यांच्या आईवडिलांचं पुढे काय, हे कोणी विचारलं नाही. त्याचं उत्तर तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते उत्तर त्यांच्यासमोरच चहा घेत बसलं होतं.

कलम १२५ची मर्यादा महिना पाचशे रुपये होती. २००१ साली ती काढून टाकली. लगेच २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा कायदा आला, जलद न्यायाधिकरणं आली आणि कलम ९मध्ये पुन्हा एक मर्यादा आली: महिना जास्तीत जास्त दहा हजार. या कायद्यात ‘मुलं’ या शब्दाची व्याख्या आहे. मुलगा, मुलगी, नातू, नात. म्हणजे आजी उद्या माझ्यावरही दावा लावू शकते. पण त्या यादीत सून नाही.

हे मी तीन वेळा वाचलं. भारतातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना जिने उठवलं, बसवलं, भरवलं, ती बाई म्हातारपणाच्या कायद्याला माहीतच नाही. २०१९ साली लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात दहा हजारांची मर्यादा काढायची होती आणि सून-जावई व्याख्येत घालायचे होते. ते मंजूर झालं नाही. झालं असतं तरी सून कायद्यात आली असती ती देणेकरी म्हणून. तिने आजवर जे दिलं त्याची नोंद त्यातही नव्हती.

वृद्धाश्रमांचंही तसंच. पुण्यात नवी पेठेत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात अनाथ पंगू गृह उभं राहिलं, आज त्याला ‘निवारा’ म्हणतात. नावातच सगळं आहे, ते ज्यांना कोणी नाही अशांसाठी होतं. २००७च्या कायद्यातही जिल्ह्याला निदान एक, दीडशे जणांचा, निराधारांसाठी असा वृद्धाश्रम आहे, आणि तिथेही राज्य सरकार तो ‘उभारू शकेल’ असं क्रियापद आहे. घरी माणसं आहेत, पण करू शकणारं कोणी नाही, अशा घरांसाठी पैसे भरून राहण्याची जागा ही कल्पना कायद्याच्या डोक्यात बराच काळ नव्हती. ती आली कुठे, तर जीएसटीत. २०१८च्या अधिसूचनेनुसार धर्मादाय नोंदणी असलेल्या वृद्धाश्रमाने साठीवरच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिना पंचवीस हजारांपर्यंत घेतले तर त्यावर कर नाही. म्हणजे एका कायद्याच्या मते म्हाताऱ्या माणसाला महिना दहा हजारांहून जास्त लागू शकत नाहीत, आणि करखात्याच्या मते धर्मादाय संस्थेतसुद्धा पंचवीस हजार सहज लागतात. करखात्याने बाजारात चौकशी केली असावी.

मग पैसे आणायचे कुठून? मेडिक्लेम १९८६पासून आहे, पण तो आजाराचा आणि मुख्यतः इस्पितळात दाखल होण्याचा विमा आहे. आजी आजारी नाही. तिला आंघोळ घालायला कोणीतरी लागतं, एवढंच.

घर आहे ना, असं सगळे म्हणतात. २००७च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी रिव्हर्स मॉर्गेज आणलं. घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक दरमहा पैसे देईल, तुम्ही घरातच राहा, वसुली तुमच्यानंतर. मी नॅशनल हाउसिंग बँकेची मार्गदर्शक तत्त्वं उघडली. कर्जदार कायमचा घर सोडून गेला तर कर्ज लगेच फेडावं लागतं, आणि कायमचा म्हणजे साधारण सलग एक वर्ष. तेव्हा आपल्या घरावर पैसे काढून केअर सेंटरचं शुल्क भरायला एकट्या म्हाताऱ्या माणसाने जावं, तर वर्षभरात बँक दारात. ही योजनाही घरीच कोणीतरी बघतंय असं धरून लिहिलेली आहे. आजोबांच्या परळच्या खोलीचा तर प्रश्नच नाही, ती पागडीची होती.

कॉलेजमधली माझी एक मैत्रीण म्युनिकला नोकरी करते. तिच्याशी हे बोलत होते तर तिने पगारपत्रकातली एक कपात सांगितली, देखभाल विम्याची. जर्मनीत हा सक्तीचा विमा १९९५ साली सुरू झाला. आजारपणाचा वेगळा, पेन्शन वेगळी, आणि माणसाला उठवण्या-बसवण्याचा हा वेगळा. तेवीस वर्षांवरच्या निपुत्रिक माणसाला २००५पासून थोडा जास्त हप्ता पडतो. मैत्रीण त्यावर वैतागलेली आहे. पण त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढची. घरातल्याच कोणी म्हाताऱ्याचं केलं तर विम्यातून रोख भत्ता मिळतो, आणि ठरावीक तासांहून जास्त करणाऱ्या त्या घरच्या माणसाच्या नावाने पेन्शन खात्यातही पैसे भरले जातात. सासूचं केलेल्या वर्षांची पेन्शन! तिथेही केअर होमचं पूर्ण बिल विम्यातून भागत नाही, बराचसा वाटा स्वतः भरावा लागतो. तरी मुलांकडे वसुलीला यायचं तर २०२०पासून त्यांचं वर्षाचं उत्पन्न एक लाख युरोच्या वर लागतं. जपानने असाच विमा २००० साली सुरू केला, हप्ता चाळीशीपासून.

इथे असला विमा नाही, त्यामुळे परत स्प्रेडशीट. दुसऱ्या पानावर मी आई आणि बाबांची पानं वेगळी केली आहेत, कारण आई पाच वर्षांनी लहान आहे आणि तिच्या नावावर ना फंड आहे ना पेन्शन. ती आयुष्यभर ‘काही करत नव्हती’. बाबांच्या मागे तिला त्यांच्या पेन्शनचा निम्म्याच्या आसपास भाग मिळेल. तिच्या नावाने मी दरमहा वेगळे पैसे टाकायला लागले आहे, आणि सोसायटीच्या फ्लॅटवर तिचं नाव चढवून घेतलं आहे. शुल्क दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढेल असं धरलंय. हे सगळं भरता येतं. एक चौकट भरता येत नाही, ‘किती वर्षं’. पाच टाकले की खाली हिरवा आकडा येतो, बारा टाकले की लाल. हिरवा आकडा बघून बरं वाटतं आणि लगेच आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटलं हे कळतं. ती चौकट मी सध्या पंधरावर ठेवली आहे आणि पान लाल आहे.

आजीच्या सेंटरमध्ये तिचं करणाऱ्या मावशी चाळिशीच्या आहेत, मूळच्या मराठवाड्यातल्या. आजी त्यांना स्वतःची जाऊ समजते आणि शेतावरच्या गड्यांना भाकरी पोचवली का विचारते. मावशी पोचवली म्हणतात. गेल्या रविवारी मी त्यांना विचारलं, तुमचा फंड कापतात का? नाही म्हणाल्या. १९५२च्या कायद्यातली पन्नास माणसांची अट १९६० साली वीसवर आली, ती आजही वीस आहे. या सेंटरमध्ये अकरा जणी काम करतात. गावी सासू आहे, तिला आता दिसत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मग तिचं कोण करतं, तर म्हणाल्या, धाकटी जाऊ आहे की.